जस्त हायड्रोजनच्या वर आहे ना, मग साध्या पाण्यात बुडबुडे का येत नाहीत?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. मी शाळकरी मुलांचा विज्ञान छंदवर्ग घेते. परवा धातू आणि अॅसिडचा नेहमीचा प्रयोग ठेवला होता आणि मुलांनी असं काही खोदून खोदून विचारलं की दोन रात्री पुस्तकं चाळूनही माझं समाधान होईना, म्हणून इथे मांडतेय.

तीन टेस्टट्यूब घेतल्या. एकीत विरल एचसीएल (हायड्रोक्लोरिक अॅसिड), पीएच १ च्या आसपास (पीएच म्हणजे अॅसिडपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं अॅसिड तीव्र). दुसरीत व्हिनेगर, पीएच पेपरवर २ आणि ३ च्या मधला रंग आला. तिसरीत उकळून गार केलेलं पाणी. तिन्हींत जस्ताचे खडे टाकले. पहिलीत लगेच फसफस, दुसरीत खड्याला चिकटून बसलेले चारदोन बुडबुडे, हलवलं की सुटतात मग परत येतात, आणि तिसरीत काहीच नाही, दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवलं तरी नाही. मग मॅग्नेशियमची फीत टाकली तर ती पाण्यात पण, अगदी बारीक का होईना, पण बुडबुडे द्यायला लागली. तांब्याची तार तिन्हीत ढिम्म. लोखंडी खिळ्याने एचसीएलमध्ये गॅस दिला, पण पाण्यात ठेवलेल्या खिळ्यावर नुसते तांबूस डाग, बुडबुडा एकही नाही.

आता पुस्तकात लिहिलंय की क्रियाशीलतेच्या श्रेणीत (जास्त क्रियाशील धातू वर, कमी क्रियाशील खाली) जो धातू हायड्रोजनच्या वर तो हायड्रोजनला विस्थापित करतो. जस्त वर आहे, लोखंडही वर आहे, आणि पाण्यातही हायड्रोजन आहेच की. मग अडतंय कुठे? एका मुलीने विचारलं, "ताई, प्रत्येक धातूचा असा ठरलेला पीएच असतो का, की त्याच्या खाली गेलं की गॅस सुरू आणि वर गेलं की बंद?" मला प्रश्न इतका आवडला की मी तिला सांगितलं पुढच्या वेळी नक्की उत्तर घेऊन येते. तर मंडळी, असतो का असा पीएच?

---

खटपट्या

सोपं आहे ताई. गॅस होतो तो एच प्लस आयनांपासून, म्हणजे हायड्रोजनच्या धनभारित कणांपासून, आणि पीएच एकाने कमी झाला की एच प्लस दहापट होतात. पीएच ७ च्या पाण्यापेक्षा पीएच १ च्या अॅसिडमध्ये ते दहा लाख पट जास्त असतात. जेवढे जास्त आयन तेवढ्या धातूवर धडका जास्त, म्हणून पाण्यात काही दिसत नाही आणि अॅसिडमध्ये फसफस. व्हिनेगर सौम्य अॅसिड आहे म्हणून त्यातून गॅस कमीच निघतो. तांबं हायड्रोजनच्या खाली म्हणून त्याचा प्रश्नच नाही.

---

जुनी_वही

खटपट्या म्हणतात ते वेगाबद्दल बरंचसं खरं आहे, पण त्या मुलीने विचारलंय ते वेगाबद्दल नाहीच, ती विचारतेय की सीमा आहे का. आणि सीमा आहे! तिचं डोकं बरोबर जागी गेलंय, तिला हे आवर्जून सांगा.

बघा, इथे दोघांमध्ये इलेक्ट्रॉनची रस्सीखेच चालू असते. धातूला इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात जायचंय, एच प्लसला इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रोजन व्हायचंय. कोण किती ओढतो ते व्होल्टमध्ये मोजतात. मॅग्नेशियम उणे २.३७, अॅल्युमिनियम उणे १.६६, जस्त उणे ०.७६, लोखंड उणे ०.४४, निकेल उणे ०.२५, कथील उणे ०.१४, शिसं उणे ०.१३, मग हायड्रोजन शून्य, आणि खाली तांबं अधिक ०.३४, चांदी अधिक ०.८०. शाळेतली श्रेणी जवळजवळ हीच.

आता पुस्तकात जे स्पष्ट लिहिलेलं नसतं ते असं, की हायड्रोजनचं ते शून्य फक्त पीएच ० ला आहे, म्हणजे चांगल्या जोरदार अॅसिडमध्ये. पीएच एकाने वाढला की हायड्रोजनचा आकडा ०.०५९ व्होल्टने खाली जातो (२५ अंश सेल्सिअसला). पीएच ७ ला तो उणे ०.४१ होतो आणि पीएच १४ ला उणे ०.८३. म्हणजे हायड्रोजनची पायरी श्रेणीत एका जागी रोवलेली नाही, ती सरकते. अॅसिडमध्ये ती तांब्याच्या लगेच वर आहे, आणि साध्या पाण्यात ती सरकत सरकत कथील आणि निकेल यांना ओलांडून थेट लोखंडाच्या पायाशी येऊन बसते. शाळेतली यादी ही पीएच ० च्या वेळेला काढलेला फोटो आहे असं मुलांना सांगितलं तर पटकन कळेल.

मग त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर साधा भागाकार करून मिळतं, धातूचा आकडा चिन्ह उलटं करून भागिले ०.०५९. शिसं आणि कथील यांची सीमा पीएच २ च्या जरा वर येते, निकेलची ४.२ च्या आसपास, लोखंडाची ७.४, जस्ताची जवळजवळ १३. मॅग्नेशियमचं उत्तर ४० येतं, म्हणजे आपल्या पीएचच्या पट्टीत त्याला सीमाच नाही, तो कुठल्याही पाण्यात गॅस द्यायला तयार असतो. आणि तांब्याचं उणे ५.८ येतं, एवढा कमी पीएच असलेलं साधं विरल अॅसिड मिळणारच नाही, म्हणून तांबं ढिम्म.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, हे आकडे द्रावणात त्या धातूचे आयन लिटरला एक मोल (कणांच्या संख्येचं रसायनशास्त्रातलं एकक) आधीच असतील असं धरून काढलेत. ताज्या पाण्यात ते जवळपास नसतातच, त्यामुळे सुरुवातीला धातूला सुटायला जास्त वाव असतो. आयन दहापट विरळ झाले की जस्त, निकेल, लोखंडासारख्या दोन इलेक्ट्रॉन देणाऱ्या धातूचा आकडा साधारण ०.०३ व्होल्टने खाली जातो. म्हणून सीमा म्हणजे भिंत नाही, थोडी पुढेमागे होते. पण तांब्याचं गणित मोलाचा दहा लाखावा भाग धरून केलं तरी उणे पावणेतीनच्या जवळपास येतं, तेव्हा ते तसंही गॅस देत नाही. नायट्रिक अॅसिडमध्ये तांबं विरघळतं ते कुणी विचारलं तर सांगा की तिथे इलेक्ट्रॉन हायड्रोजन घेतच नाही, नायट्रेट घेतं, म्हणून निघतात ते नायट्रोजनचे ऑक्साइड, तपकिरी आणि विषारी, मुलांसमोर करू नका.

---

निळी_शाई

बाप रे, पायरी सरकते हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं! पण मग माझा गोंधळ वाढला ना. जस्ताची सीमा १३ असेल तर पीएच ७ च्या पाण्यात जस्ताने गॅस द्यायलाच हवा, पाऊण व्होल्टमधून ०.४१ गेले तरी ०.३५ व्होल्टचा जोर उरतो. आणि तरी खडा दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच होता. लोखंडाचं तर काठावरच आहे म्हणून सोडून देऊ.

---

भट्टीपाशी

मी प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या लाइनमध्ये बरीच वर्षं काम करतो, आमचं सगळं आयुष्य धातूच्या पृष्ठभागाशीच, म्हणून हे उत्तर देतो. जुनी_वही यांनी सांगितलं ते गॅस निघू शकतो का त्याचं उत्तर आहे. तुम्हाला बुडबुडा दिसतो का त्याचं उत्तर पृष्ठभागावर आहे, आणि तिथे दोन अडसर असतात.

पहिला अडसर थराचा. जस्तावर ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइडचा पातळ थर असतो, साध्या पाण्यात तो विरघळत नाही, तोच धातूला झाकून ठेवतो. अॅसिडचं पहिलं काम म्हणजे हा थर खाणं. म्हणजे अॅसिड दोन बाजूंनी कामाला येतं, एकीकडे एच प्लस पुरवतं आणि दुसरीकडे धातू उघडा पाडतं. तुमच्या मॅग्नेशियमचंही हेच, पाण्यात त्याच्यावर हायड्रॉक्साइडचा पांढरट थर बसतो म्हणून ते इतकं हळू चालतं, नाहीतर २.३७ व्होल्टवाल्याने केवढा गोंधळ घातला असता.

दुसरा अडसर मला सगळ्यात जास्त आवडतो आणि तो फार लोकांना माहीत नसतो. एच प्लसने इलेक्ट्रॉन घेतला तरी दोन हायड्रोजन अणू एकत्र येऊन रेणू व्हायला जागा लागते, आणि सगळ्या धातूंवर ही जागा सारखी चांगली नसते. प्लॅटिनमवर ते चटकन होतं, लोखंड आणि निकेलवर बऱ्यापैकी, जस्तावर रखडत, शिसं आणि पारा यांच्यावर प्लॅटिनमच्या तुलनेत कोट्यवधी पट सावकाश. याला ओव्हरपोटेन्शियल म्हणतात, म्हणजे गणितात जोर शिल्लक असतो पण प्रत्यक्षात तो या रखडण्यातच खर्च होतो. अगदी शुद्ध जस्त घेतलं तर ते विरल अॅसिडमध्ये सुद्धा आळसावून बसतं, मळकट जस्त मात्र जोरात चालतं. द ला रिव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने १८३० मध्येच हे पकडलं होतं की अशुद्ध जस्तातले दुसऱ्या धातूचे कण हीच गॅस निघायची ठिकाणं होतात.

हे मुलांना डोळ्यांनी दाखवता येतं. विरल अॅसिडमध्ये जस्ताची पट्टी ठेवा, शेजारी तांब्याची तार ठेवा पण टेकवू नका. तारेवर काही नाही. आता तार हलकेच जस्ताला टेकवा आणि तारेकडे बघा. बुडबुडे तांब्यावरून निघायला लागतील! तांबं स्वतः विरघळत नाही, जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन तारेत चालत जातात आणि एच प्लस ते तिथे जाऊन घेतात कारण तांब्यावर त्यांना जस्तापेक्षा सोपं जातं. अॅसिडमध्ये मोरचुदाचे दोन थेंब टाकले तरी तोच परिणाम, जस्तावर तांब्याचा काळपट थर बसतो आणि फसफस वाढते.

गाडीच्या बॅटरीचा विचार करा. शिशाची प्लेट तीव्र सल्फ्युरिक अॅसिडमध्ये महिनोन् महिने बुडून असते, पीएच शून्याच्याही खाली, गणिताने तिथे सतत गॅस निघायला हवा. शिशावर हायड्रोजनला बसायला धड जागा नाही म्हणून ती बॅटरी टिकते. त्याच शिशात अँटिमनी मिसळलं की गॅस वाढतो, म्हणून सीलबंद बॅटऱ्यांमध्ये त्याऐवजी कॅल्शियम वापरतात.

आणि हा हायड्रोजन नेहमी बुडबुडा होऊन निघून जातोच असं नाही हो. नवीन होतो तेव्हा आम्ही कडक पोलादाचे बोल्ट गंज काढायला एचसीएलच्या टाकीत सोडले आणि दुसऱ्याच कामात अडकलो, ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ राहिले. बाहेर काढल्यावर चकचकीत, बघायला एकदम झकास. दुसऱ्या दिवशी कसलेल्या बोल्टांची मुंडकी नुसती बसल्याबसल्या तुटली, कुणी हात पण लावला नव्हता. सुटे हायड्रोजन अणू रेणू होण्याआधीच पोलादात शिरले होते आणि त्यांनी ते ठिसूळ केलं. तेव्हापासून टाकीत इनहिबिटर (धातूला अॅसिडपासून जपणारं रसायन) टाकल्याशिवाय आणि कडक माल नंतर २०० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवल्याशिवाय मी सोडत नाही. अॅसिडमध्ये फसफसणारं लोखंड दिसलं की मला अजून ते बोल्ट आठवतात.

---

जुनी_वही

वा, तारेचा प्रयोग सांगितलात ते फार चांगलं केलंत. खिळ्याचं राहिलं ते मी पुरं करतो. साध्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असतो, ताईंनी पाणी उकळलं होतं तरी उघडं ठेवल्यावर तो परत शिरतो. आणि पीएच ७ ला ऑक्सिजनचा आकडा अधिक ०.८१ आहे, हायड्रोजनचा उणे ०.४१. लोखंडाने सोडलेले इलेक्ट्रॉन मग ऑक्सिजनच उचलणार, हायड्रोजनच्या वाट्याला काही राहतच नाही. म्हणून गंज आहे आणि बुडबुडा नाही. लोखंडाचा झिजण्याचा वेग पीएच ४ ते १० मध्ये जवळपास सारखाच राहतो कारण तिथे ऑक्सिजन किती लवकर पोचतो यावर सगळं अवलंबून, ४ च्या खाली गेलं की एकदम उसळतो कारण हायड्रोजनचा रस्ता उघडतो आणि गंजाचा थरही टिकत नाही. तुमच्या दोन खिळ्यांमध्ये बरोबर हाच फरक दिसलाय.

---

मृगजळ_नको

एक भर घालते. "अॅसिड असेल तरच गॅस" असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसू देऊ नका कारण अॅल्युमिनियम ते खोटं ठरवतं. त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटरचाच असतो पण इतका घट्ट की साधारण पीएच ४ ते ८.५ मध्ये तो धातूला जपतो. हा ऑक्साइड उभयधर्मी, म्हणजे अॅसिडमध्येही विरघळतो आणि अल्कलीमध्येही (अॅसिडच्या उलट, जास्त पीएचचं द्रावण). कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात अॅल्युमिनियमची पट्टी टाकली की हायड्रोजन धो धो निघतो, तिथे एच प्लस जवळजवळ नसतातच तरी! इलेक्ट्रॉन थेट पाण्याचा रेणू घेतो. पीएच १४ ला हायड्रोजनची पायरी उणे ०.८३ पर्यंत सरकली तरी अॅल्युमिनियम तिच्यापेक्षा खूपच वर आहे, अडत होता तो फक्त थर. म्हणून अॅल्युमिनियमचा आलेख काढला तर दोन्ही टोकांना उंच आणि मधे खोल खड्डा असा येतो. जस्तही तीव्र अल्कलीत असंच वागतं, पण हळू.

एचसीएलमध्ये अॅल्युमिनियम टाकून बघितलंत तर पहिली काही मिनिटं शांतता असते आणि तुम्हाला वाटतं बिघडलं काहीतरी, मग थर फुटला की एकदम जोर येतो, द्रावण तापतं, तापलं की आणखी वेग. तेव्हा थोडंच घ्या, मोठ्या भांड्यात घ्या आणि कुठल्याही परिस्थितीत बूच लावून बंद करू नका. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी ठिणगीने पेटतो, खिडक्या उघड्या हव्यात आणि डोळ्यांना चष्मे हवेतच.

कुठल्या पीएचला आणि किती व्होल्टला धातू उघडा, झाकलेला की सुरक्षित, याचे नकाशे मार्सेल पूर्बे या बेल्जियन शास्त्रज्ञाने बनवले, आजही गंज रोखणारे लोक तेच उघडून बसतात. जस्ताचा, लोखंडाचा आणि अॅल्युमिनियमचा असे तीन नकाशे शेजारी ठेवून मुलांना दाखवा, हा पूर्ण धागा त्यात आहे.

---

भट्टीपाशी

आणि खटपट्या, रागावू नका पण व्हिनेगरमधून गॅस कमी निघतो हे बरोबर नाही. हळू निघतो. किती निघणार ते धातू किती आणि अॅसिड एकूण किती यावर, पीएचवर नाही. व्हिनेगरमधल्या अॅसिटिक अॅसिडच्या शंभरातल्या एखाद्या रेणूनेच एच प्लस सोडलेला असतो पण बाकीचे मागे रांगेत उभे असतात, एक खर्च झाला की दुसरा सुटतो.

---

खटपट्या

रागावायचं काय त्यात, चुकलंच माझं, हळू आणि कमी यात मी गल्लत केली. यावरून आठवलं, हेन्री कॅव्हेंडिशने १७६६ मध्ये हा वायू मोजला तेव्हा जस्ताचं वजन तेच ठेवून अॅसिड बदललं, सल्फ्युरिक घ्या नाहीतर हायड्रोक्लोरिक, वायू तेवढाच आला. म्हणजे मुद्दा तेव्हाच दिसला होता. त्याने मात्र त्यावरून असं ठरवलं की हा वायू धातूतूनच बाहेर येतो! धातू संपला की वायू संपतो हे बघून कुणालाही तसंच वाटेल, मला वाटतं तुमच्या वर्गातली निम्मी मुलंही तेच म्हणतील, विचारून बघा.

---

निळी_शाई

मंडळी, काल वर्ग झाला. आधी खटपट्यांचा प्रश्न विचारला, वायू कुठून येतो, आणि खरंच बहुतेक हात धातूच्या बाजूने वर गेले. मग तारेचा प्रयोग केला. तार टेकवली आणि बुडबुडे तांब्यावर आले तेव्हा पहिल्या बाकावरचा मुलगा उभाच राहिला, म्हणाला परत टेकवा, परत उचला, असं आठदहा वेळा करायला लावलं मला. तांबं विरघळत नाही हे मी सांगितलेलं त्याला पटेना म्हणून तार आधी आणि नंतर वजन करून बघू असं त्यानेच ठरवलं.

मग भट्टीपाशी यांच्या रांगेवरून एक केलं. एका चंचुपात्रात पीएच ३ चं एचसीएल १०० मिली, दुसऱ्यात ५ टक्क्यांचं व्हिनेगर दसपट पातळ करून १०० मिली, पेपरवर दोन्हींचा रंग जवळपास एकच. दोन्हीत २४ मिलिग्रामची मॅग्नेशियमची फीत. सुरुवातीला दोन्हीकडे बुडबुडे, पण व्हिनेगरमध्ये पहिल्यापासूनच जास्त, आणि थोड्या वेळाने एचसीएलवाली फीत मंदावली, तिच्यावर पांढुरकं काहीतरी धरलं, व्हिनेगरवाली मात्र चालत राहिली आणि शेवटी पूर्ण दिसेनाशी झाली. परत पेपर बुडवला तर एचसीएलवालं पात्र हिरवट निळं, व्हिनेगर मात्र ४ च्या जरा वरच थांबलेलं. मग फळ्यावर गणित मांडलं, पीएच ३ च्या १०० मिलीत एच प्लस फक्त ०.१ मिलिमोल, त्यातून जेमतेम १.२ मिली हायड्रोजन, आणि फितीला लागतात २ मिलिमोल. व्हिनेगरच्या पात्रात रांगेसकट ८ मिलिमोलच्या वर. ज्या मुलीने सीमेचा प्रश्न विचारला होता ती म्हणाली, "म्हणजे पीएच सांगतो आत्ता दारात किती उभे आहेत, मागे किती आहेत ते नाही सांगत."

तिला निकेलची पट्टी हवीय आता. गणिताने ४.२ येतं ना, तर पीएच ३, ४ आणि ५ ला ठेवून बघायचंय म्हणते. भट्टीपाशी, निकेलवर बुडबुडे डोळ्यांना दिसतील एवढे येतील का, की तिथेही आधी थर खरवडून काढावा लागेल?

---

भट्टीपाशी

निकेलचा थर चिवट असतो आणि पीएच ३ ला वेग फारच कमी, नुसत्या डोळ्यांनी बहुतेक काही दिसणार नाही. बारीक पॉलिश पेपरने घासून लगेच बुडवा आणि सोबत एक पट्टी पीएच १ मध्येही ठेवा, म्हणजे तुलनेला काहीतरी राहील. पण बुडबुड्यांवर विसंबू नका, काही दिवसांनी पाण्याला हिरवट झाक येते का ते पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. ते हिरवं पाणी हाताला लागू देऊ नका, निकेलच्या क्षारांनी अंगावर पुरळ उठतं, हातमोजे घालूनच करा आणि शेवटी ते सिंकमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत जमा करा.